आखाजीच्या पहाटेचे तीन आकडे

पर्थ, ऑस्ट्रेलिया
१२ एप्रिल १९९५

ती. नानांना प्रमिलाचा शि. सा. नमस्कार.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, "तू तिकडे नेमकं करतेस काय, ते मामीला सांगता येईल असं एकदा लिही." आज लिहिते, कारण आज माझं तुमच्याकडे काम आहे.

आकाशगंगेच्या मध्यभागी, धनू राशीच्या बाजूला, ताऱ्यांची फार दाटी आहे. त्यातला एखादा तारा नेहमीसारखा मिणमिणत असतो. त्याच्या आणि आपल्या मधून दुसरा एक तारा सरकत जातो, इतका अंधुक की आमच्या दुर्बिणीतही दिसत नाही. पण त्याला वस्तुमान आहे, आणि वस्तुमानाजवळून जाताना उजेड वाकतो. म्हणजे तो न दिसणारा तारा भिंगाचं काम करतो. मागचा तारा काही दिवस हळूहळू उजळतो आणि तसाच हळूहळू मावळतो. आलेख काढला तर दोन्ही बाजूंनी सारखी टेकडी दिसते. आता त्या मधल्या ताऱ्याला एखादा ग्रह असेल, तर त्या टेकडीवर दोन-तीन तासांपुरता एक छोटा उंचवटा येतो. तो उंचवटा मला हवा आहे. या रीतीने जगात अजून कुणालाही ग्रह सापडलेला नाही. आणि हे दोन तारे असे एका रेषेत पुन्हा येत नाहीत. हुकलं की कायमचं हुकलं.

असा एक तारा सध्या उजळतो आहे. चार मेच्या सुमारास तो सगळ्यात तेजस्वी होईल, इतका की तुम्ही हाताने घासलेल्या आठ इंची आरशाच्या दुर्बिणीत पंधरा-वीस दिवस सहज दिसेल. आम्ही इथून बघतो. आमच्याकडे उजाडलं की दक्षिण आफ्रिकेतले लोक बघतात, मग चिलीतले. पण आफ्रिकेत या दिवसांत ढगांचा भरवसा नाही. आमची पहाट झाल्यावर तुमच्याकडे दीड तास काळोख असतो, तीन ते साडेचार. आणि वैशाखात धरणगावचं आकाश किती स्वच्छ असतं ते मला सांगायला नको.

सोबत नकाशा आहे. आपल्या ताऱ्याच्या शेजारी 'क' आणि 'ख' असे दोन तारे खुणा करून दिले आहेत. 'ख' अंधुक आहे, त्याला शून्य मानायचं; 'क' तेजस्वी, त्याला दहा. आपला तारा त्यांच्यामध्ये किती भरतो ते डोळ्याने ठरवायचं आणि वेळेसकट लिहायचं. कोणत्या दिवशी साधारण किती भरेल त्याचा तक्ताही जोडते, म्हणजे तारा ओळखायला सोपं जाईल.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. इथली माझी नेमणूक डिसेंबरपर्यंत आहे. ग्रह सापडला तर राहीन. नाही तर अडतिसाव्या वर्षी मला कोण ठेवून घेणार? हा शेवटचा हंगाम आहे.

वहीत खाडाखोड झाली तरी चालेल. प्रॅक्टिकलच्या वहीत तुम्ही तिचे दोन गुण कापायचात, मी कापणार नाही.

तुमची,
प्रमिला

*

धरणगाव
२४ एप्रिल १९९५

चि. प्रमिला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. पोस्टमन नथ्थू तिकिटं मागत होता, दिली. पत्र मामीला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "तुमले दिवसा दिखत नही, रातले काय दिखी?" दिवसातून दोनदा माझा चष्मा हरवतो, त्याचा हा टोमणा. तू मनावर घेऊ नकोस. माझे डोळे ठणठणीत आहेत.

तुझी आई गेली तेव्हा फैजपूरहून तुला मामा म्हणून आणलं आणि आठवीपासून मास्तर म्हणून छळलं. लोलकाचं प्रॅक्टिकल तुला मी तीनदा करायला लावलं होतं, तू रडली होतीस. आज तू मला प्रॅक्टिकल देते आहेस. हरकत नाही, आम्हीही आज्ञाधारक विद्यार्थी होऊन दाखवू.

तारा काल पहाटे सापडला. दोन भरला. तुझ्या तक्त्यातही दोनच आहे, तेव्हा मास्तर पहिल्या घटक चाचणीत पास. शेजारचा झुलाल रात्रभर घराच्या माथ्यावरचा, धाब्यावरचा दिवा चालू ठेवतो. त्याला म्हटलं, महिनाभर दिवा लावू नको, माझ्या भाचीला ग्रह शोधायचा आहे. तो म्हणाला, "नाना, मना ग्रह बी देखी ल्या, तीन सालपासून वाकडा शे." लावणार नाही म्हणाला मात्र.

नेमणुकीचं वाचून काळजी वाटली. तुझ्या अडीअडचणीला आम्ही दोघं म्हातारी कधी उपयोगी पडलो नाही. शिकवलं तेवढं, पुढचं सगळं तुझं तू केलंस. या वेळी निदान दीड तास तरी तुझ्या कामाचा आहे, त्यात मी कसूर करणार नाही.

तुझा,
नाना

*

धरणगाव
१५ मे १९९५

चि. प्रमिला हिस अनेक आशीर्वाद.

सोबत फेअर वही रजिस्टरने पाठवतो आहे. २३ एप्रिल ते ११ मे. चार पहाटे धुरळा होता, तिथे रेघ मारली आहे. बाकी पंधरा पहाटे, रोज तीनदा. वेळ रेडिओवर लावून घेतली. अक्षर बघ, अजून कुणी नाव ठेवणार नाही.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, घर भरलं होतं. दोन्ही लेकी पोराबाळांसकट माहेरी, धाब्यावर अंथरुणांमध्ये पाय ठेवायला जागा नाही. शेवटी दुर्बीण झुलालच्या धाब्यावर नेली. पोरी बारा वाजेपर्यंत झोक्यावर गाणी म्हणत होत्या, खाली पत्त्यांचा डाव चालू, आणि मी एकटा तुझ्या भिंगाच्या मागे. तुझी मामेबहीण सुनंदा म्हणाली, प्रमिला असती तर तिलाही झोक्यावर बसवलं असतं.

आखाजीच्या पहाटेही, म्हणजे २ मेला, तीनदा पाहिला. तिन्ही वेळा सहा. तुझ्या तक्त्याला अगदी धरून.

उंचवटा मला कुठे दिसला नाही. वाईट वाटतं. पण आलेख काढून बघ, टेकडी अशी सुरेख आली आहे की बोर्डाच्या परीक्षकाने पैकीच्या पैकी द्यावेत.

तुझा,
नाना

*

पर्थ
९ जून १९९५

ती. नानांना शि. सा. नमस्कार.

वही मिळाली. इथल्या सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. एक जण म्हणाला, असं अक्षर छापायलाही मिळत नाही.

नाना, आता एक गोष्ट सांगते. तुमची वही येईपर्यंत मी ती तोंडातून काढली नव्हती. २ मेला आमची पहाट होताना, अगदी शेवटच्या अर्ध्या तासात, आमच्याकडे तारा थोडासा वर चढायला लागला होता. थोडासाच. मग उजाडलं आणि दुर्बीण बंद करावी लागली. आफ्रिकेत त्या रात्री ढग. चिलीत तारा उगवला तेव्हा तो पुन्हा आपल्या टेकडीवर जागच्या जागी होता. म्हणजे उंचवटा आला असेल तर मधल्या दोन-अडीच तासांत आला आणि गेला. त्यातला दीड तास पृथ्वीवर फक्त तुमच्याकडे होता.

महिनाभर मी नीट जेवले नाही. इतक्या थोड्या वेळाचा उंचवटा म्हणजे लहान ग्रह, आपल्या पृथ्वीएवढासुद्धा असू शकतो. मी कुणाला न सांगता गणितं करून ठेवली होती. वही उघडली ती सरळ २ मेच्या पानावर. तीनदा सहा.

मग मी आमच्या अर्ध्या तासाकडे पुन्हा पाहिलं. उजाडताना आकाश पांढुरकं होतं, त्याने आकडे थोडे वर जाऊ शकतात. सगळ्यांचं तसंच मत पडलं. तो अर्धा तास आम्ही काढून टाकला. शोधनिबंधात लिहिलं आहे की या ताऱ्याजवळ ग्रहाची खूण नाही, आणि ते ठामपणे म्हणता येतं ते तुमच्या आकड्यांमुळे. निबंधावर नऊ जणांची नावं आहेत, नववं तुमचं.

निराश आहे, खोटं कशाला सांगू. पण नसलेला ग्रह सापडला म्हणून बोंब मारली असती आणि मग तोंडावर आपटले असते, त्यातून तुम्ही वाचवलंत.

तुमची,
प्रमिला

*

धरणगाव
५ जुलै १९९५

चि. प्रमिला हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. धुळ्याला आठ दिवस होतो. तुला आधी कळवलं नाही, उगाच काळजी करत बसली असतीस. पट्टी निघाली आहे. मामीच्या कपाळावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला या आठवड्यात कळलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो तारा पुन्हा कधी उजळेल का? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तुझ्या हयातीत? आणि तुम्ही काढून टाकलेला तो अर्धा तास, तो कुठे जपून ठेवला आहे की नाही?

निबंधावर माझं नाव नको. आता या वयात मला नावाचं काय करायचं आहे?

तुझा,
नाना

*

पर्थ
२८ जुलै १९९५

ती. नानांना शि. सा. नमस्कार.

मोतीबिंदूचं आधी का नाही कळवलंत? मामीला म्हणावं, यांच्यावर मी रागावले आहे. डोळ्यात औषध वेळेवर घाला आणि दोन महिने दुर्बिणीला हात लावू नका.

तुमच्या प्रश्नांवरून वाटतं की माझ्या नेमणुकीचा विचार तुमच्या डोक्यातून जात नाही. तो तारा पुन्हा उजळणार नाही. मधला तारा सरकून गेला, आणि तो तर मुळातच दिसत नव्हता. तिथे ग्रह असता तरी त्याच्यापर्यंत पोचायची दुसरी वाट कुणाकडे नाही. अर्धा तास संगणकाच्या फितीवर आहे, पण एकट्या अर्ध्या तासाला कुणी विचारत नाही.

नावाबद्दल तुमचं ऐकणार नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना मी पत्र लिहिलं आहे. त्यांचं उत्तरही आलं, पाच सप्टेंबरला शिक्षकदिनी तुमचा सत्कार करणार म्हणतात. नाही म्हणू नका. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडून झालेली एवढी एकच गोष्ट मला बरी वाटते.

तुमची,
प्रमिला

*

धरणगाव
१४ ऑगस्ट १९९५

चि. प्रमिला हिस आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन चुलीत घातली.

२ मेच्या पहाटे मला सहा दिसले नाहीत. तारा 'क' च्याही वर गेला होता. मी डोळा चोळला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा. तिन्ही वेळा 'क' च्या वर. तीन आकडे रफ वहीत पेन्सिलने लिहिले आणि जिना उतरताना मनात एकच आलं, डोळा गेला.

डोळ्याची कुरकुर दिवाळीपासून होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकत आला आहे, दिव्याभोवती उजेड फाकलेला दिसेल. तुझं पत्र आलं तेव्हा मी ऑपरेशन पुढे ढकललं आणि तुला लिहिलं, डोळे ठणठणीत आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाटलं, एका डोळ्याने बघतो म्हणालो तर ही पोर माझे आकडे घेणारच नाही. तिच्या कामाला यायची संधी आयुष्यात एकदा आली आहे, तीही जाईल.

सकाळी सगळे पुरणपोळ्यांच्या घाईत होते. मी ओसरीवर बसून तुझा तक्ता काढला. त्यात सहा होतं. मी खोडरबर घेतलं आणि तीन वेळा सहा केलं. मला जरासुद्धा चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण हे मी नवं करत नव्हतो. छत्तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर रेषा बरोबर, तुझा हात चुकला. रफ वहीत काय वाटेल ते असो, फेअर वहीत उत्तर पुस्तकातलं आलं पाहिजे. बोर्डाचा परीक्षक आला की माझ्या शाळेतल्या साठच्या साठ पोरांचा लोलक एकसारखा हलायचा. त्याला आम्ही चांगला निकाल म्हणायचो. तुला तीनदा प्रॅक्टिकल करायला लावलं ते तुझं उत्तर चुकलं म्हणून. कदाचित तू जे पाहिलंस तेच लिहिलं होतंस.

तुझं जूनचं पत्र वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. उलट तो तारा परत येईल का, असं विचारत बसलो. बैल गेला आणि झोपा केला.

रफ वही मी फेअर झाल्यावर नेहमीप्रमाणे रद्दीत दिली. तुझं पत्र आल्यावर, खोडलेल्या आकड्यांचे वळ तरी दिसतील या आशेने, दलिचंद वाण्याच्या दुकानात गेलो. त्याने ती पुड्या बांधायला घेतली होती. गल्ला सोडून त्याने पोतं उपसलं, चार पानं निघाली. त्यातलं एक सत्तावीस एप्रिलचं. २ मेचं पान धण्याच्या की जिऱ्याच्या पुडीत कुणाच्या घरी गेलं ते तो तरी कसं सांगणार? तो मला म्हणाला, "नाना, एका पानासाठी एवढं काय?" मी त्याच्या ओट्यावर बसून रडलो.

आता तू जे करायचं ते कर. मला सांभाळून घेऊ नकोस.

नाना

*

पर्थ
१ सप्टेंबर १९९५

ती. नानांना नमस्कार.

पत्र मिळालं. दोन दिवस तो अर्धा तास पुन्हा काढून बघत बसले. मग सगळ्यांना सांगितलं.

निबंध छपाईला गेला होता, तो थांबवला. ज्याने एक आकडा बदलला त्याचा कुठलाच आकडा घेता येत नाही, असा आमचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. त्यामुळे तुमच्या पंधराही पहाटे काढल्या. नावही काढलं. बाकीच्या चौदा पहाटे खऱ्या असतील, मला खात्री आहे, पण माझ्या खात्रीला किंमत नाही.

तुमचं पत्र पुरावा म्हणून चालेल का, असं मी विचारून पाहिलं. तीन महिन्यांनी आठवून सांगितलेला आकडा, तोही कागद नसताना, तोही उंचवट्याचं ऐकल्यावर. कुणी हसलं नाही, एवढाच त्यांचा चांगुलपणा. आता निबंधात एक वाक्य आहे: २ मेच्या त्या अडीच तासांबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही. ग्रह आहे असंही नाही आणि नाही असंही नाही.

मी रागावले आहे. किती, ते लिहिता येत नाही. मुख्याध्यापकांना काय कळवायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रमिला

*

धरणगाव
२० सप्टेंबर १९९५

चि. प्रमिला हिस आशीर्वाद.

पाच तारखेपर्यंत तुझं पत्र पोचलं नव्हतं. पण त्याची वाट बघायची गरज नव्हती. सत्काराला गेलो. शाल आणि नारळ टेबलावर होते. ते घ्यायच्या आधीच उभा राहिलो आणि जे तुला लिहिलं ते सांगितलं. खोडरबरासकट.

कुणाला नीट समजलं नाही. मुख्याध्यापकांना वाटलं, मी विनयाने बोलतो आहे. ते म्हणाले, "नाना, सहाच्या जागी बारा, एवढ्याने काय बिघडलं?" आणि शाल माझ्या खांद्यावर घातली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी ती घडी करून खुर्चीवर ठेवून आलो, दुसऱ्या दिवशी शिपायाने घरी आणून दिली.

यापुढे उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

नाना

*

पर्थ
१७ डिसेंबर १९९५

ती. नानांना प्रमिलाचा शि. सा. नमस्कार.

तीन महिने लिहिलं नाही. लिहायला बसले की राग यायचा आणि कागद बाजूला ठेवायची.

पंधरवड्याने माझी नेमणूक संपते. मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेला. इथल्या एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम मिळालं आहे, माणसं सरासरी किती वर्षं जगतात ते काढायचं. पगार बरा आहे. आकाशाशी आता माझा काही संबंध राहणार नाही.

खोली आवरताना तुमची फेअर वही हातात आली. पुन्हा पाहिली. बाकी चौदा पहाटे तुमचे तीन आकडे कधीच सारखे नाहीत, चार, पाच, पुन्हा चार. डोळ्याने मोजलेलं तसंच येतं. फक्त २ मेला सहा, सहा, सहा. हे मला जून महिन्यातच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी आकडे तपासत नव्हते, उत्तर बघत होते.

आणि तो तक्ता. किती भरायला हवं ते बघणाऱ्याला आधी कधीच सांगायचं नसतं. मी हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. तुम्हाला मात्र मी तक्ता पाठवला, तुम्ही चाचपडू नये म्हणून, तुमचं पहिल्याच दिवशी बरोबर यावं म्हणून. खोडरबर तुम्ही चालवलंत, पण काय लिहायचं ते मीच पत्रातून पाठवलं होतं. मी हे कुणाला सांगितलं नाही. तुमचं सांगितलं आणि माझं लपवलं. मला माफ करा.

एक शेवटचं मागते. आमचा अर्धा तास माझ्याकडे आहे. तुमचे तीन आकडे मिळाले, कोणता आधी, कोणता नंतर, चढत होते की उतरत होते, तर त्या ग्रहाचं वजन साधारण काढता येईल. कुठे छापायचं नाही. कुणाला दाखवायचं नाही. मला एकटीला कळलं पाहिजे की मी आयुष्य घालवलं ते कशाच्या किती जवळ जाऊन. मुख्याध्यापकांजवळ तुम्ही बारा म्हणालात का? बाकीचे दोन कोणते? आठवून सांगा. चुकलं तरी चालेल.

तुमची,
प्रमिला

*

धरणगाव
४ जानेवारी १९९६

चि. प्रमिला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. विम्याच्या नोकरीचं वाचून मामीने देवाला हात जोडले, पगार आहे एवढं तिला कळलं. मी तिला बाकीचं सांगितलं नाही.

तक्त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. परीक्षेत उत्तर दिसलं म्हणून कुणी उतरवलंच पाहिजे असं नसतं. हे मी आता म्हणतो आहे, वर्गात कधी म्हटलं नाही.

तुझे तीन आकडे. काल दुपारपासून कागद घेऊन बसलो आहे. मुख्याध्यापकांजवळ बारा म्हणालो ते त्यांना समजावं म्हणून, ते बारा खरे नव्हेत. आधी मला अकरा, तेरा, बारा असं आठवलं. मग आज सकाळी बारा, चौदा, अकरा असं आठवलं. दोन्ही वेळा मधला मोठा. तो मधला मोठा का, हे मी स्वतःला विचारलं. कारण तू जूनमध्ये लिहिलंस की उंचवटा आला आणि गेला. तारा चढतच राहिला असं तू लिहिलं असतंस तर मला तिन्ही आकडे चढते आठवले असते. पोरी, मला आता ती पहाट आठवत नाही, तुझं पत्र आठवतं.

यातले कुठलेही तीन आकडे लिहून पाठवले असते तर तू वजन काढलं असतंस, आणि जन्मभर ते वजन उराशी धरून बसली असतीस. रात्री एकदा तसं लिहिलंही होतं, चांगल्या अक्षरात. तुला तेवढं तरी मिळावं असं फार वाटत होतं. तुझ्यासाठी या घरात दुसरं काही उरलं नाही. पण तो कागद मी फाडला.

२ मेच्या पहाटे तारा 'क' च्या वर होता. किती, ते मला आठवत नाही.

तुझा,
नाना